राजीखुशीने, नशापाणी न करता

सातारा
६ ऑक्टोबर २०२५

जयराज,

'चिरंजीव' लिहिणार होते. पण माणसानं किती जगायचं हे आधीच ठरलेलं असतं असं तुझं मत, तेव्हा माझ्या लिहिण्यानं त्यात काय भर पडणार? आशीर्वादही त्याच हिशेबानं वाचवले आहेत.

तुझं पाकीट मिळालं. आत दोन वस्तू निघाल्या. एक तुझा छापील लेख, 'मनुष्य खरोखर निवडतो काय?', आणि त्यावर तुझ्या वळणदार अक्षरात, 'आक्का, वाच. मन हलकं होईल.' दुसरी वस्तू म्हणजे तुझ्या वकिलानं टाइप करून धाडलेलं माझं शपथपत्र. माझं म्हणजे नाव माझं, वय माझं (ते दोन वर्षांनी कमी लिहिलंय, त्याबद्दल आभार) आणि साक्षही माझीच. फक्त ती मी अजून दिलेली नाही. मी खाली सही तेवढी ठोकायची.

फोन का केला नाहीस तेही कळलं. फोन रेकॉर्ड होतो, बहिणीशी बोलू नका, असं वकिलानं बजावलंय म्हणे. मग मी लिहूनच देते. निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून एकतीस वर्षं मी लोकांचे दस्त लिहिते आहे. हे पत्र पोच घेऊन पाठवतेय. पोचेवरची सही तू आपल्या मर्जीनं केलीस की विश्वाच्या आरंभापासून ती ठरलेली होती, ते पोस्टमनला विचार.

आधी लेखाबद्दल. दोनदा वाचला. हात उचलायचं मेंदूनं आधीच ठरवलेलं असतं, 'मी ठरवलं' हे आपल्याला मागनं वाटतं. आईबाप, संस्कार, पोटातली भूक, कालची झोप, या सगळ्यांनी मिळून आपल्याला ढकलत आणलेलं असतं. ट्रॉलीतल्या उसाला जाणीव असती, तर आपण आपल्याच इच्छेनं गाळपाला निघालोय असं त्यालाही वाटलं असतं, हा तुझा दृष्टान्त मला फार आवडला. गावाकडचा ऊस निदान दृष्टान्तापुरता तरी तुझ्या उपयोगी पडला. लेखाच्या शेवटी तू म्हणतोस की म्हणून कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. वा! इतक्या मोठ्या मनाचा माणूस आमच्या घरात जन्मला आणि आम्हाला पत्ता नाही.

मग शपथपत्र उघडलं. कलम चार: 'वादी क्रांती हिने दिनांक १२ मे २०२२ रोजी हक्कसोडपत्रावर स्वतःच्या स्वतंत्र इच्छेने सही केली.'

आता मला एक सांग. पृथ्वीवरच्या समस्त माणसांत कुणालाच स्वतंत्र इच्छा नाही, आणि नेमकी आपल्या धाकट्या बहिणीला ती आहे? तीही एका गुरुवारी, साताऱ्यात, तुझ्या नावावर बावीस गुंठे करून देण्यापुरती? हे संशोधन तू लेखात का घातलं नाहीस?

आणि कलम सहा: 'आमची आई शालूबाई हिच्या निधनाची बातमी मला प्रतिवादी यांच्याकडून त्या दिवशी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, म्हणजे दस्त नोंदवून झाल्यानंतर, फोनवर समजली.'

सगळं घोडं इथं अडलंय, नाही का? क्रांतीनं कोर्टात फार काही मांडलेलंच नाही. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आहेत. आईचा मृत्यूचा दाखला: सांगली, सकाळी ९.५०. दस्ताच्या शेवटच्या पानावर संगणकानं छापलेली शिक्क्याची वेळ: ११.३८. तिचं म्हणणं एवढंच की, 'आधी सही कर, मग सांगलीला येऊन आईला भेट' असं तू तिला सांगितलं होतंस, म्हणून ती सहीला आली. आई गेलीय हे कळलं असतं तर तिनं सही केली नसती. तू आईच्या उशाशी होतास, तुला ९.५० लाच कळलं. रडण्याच्या भरात सव्वाबारापर्यंत कुणाला कळवायचं सुचलं नाही, असं तू लेखी दिलंयस. आता राहिले मी. मला केव्हा कळलं, ते माझ्या तोंडून यायचंय. पंचवीस नोव्हेंबरची तारीख आहे.

मी माझा हिस्सा एकोणीसशे नव्व्याण्णवलाच सोडला. तू इरकल घेतली होतीस मला. सही करताना रांगोळीचा ठिपका द्यावा इतकाही विचार केला नव्हता मी. आपल्याकडं बहिणी सोडतातच. तेव्हा माझ्या हिश्शाचं सोड. पण क्रांती शिरवळच्या कंपनीत बारा बारा तास पॅकिंगला उभी असते आणि एका भाड्याच्या खोलीत राहते. विहिरीलगतच्या त्या बावीस गुंठ्यांत तिला दोन खोल्या बांधायच्या आहेत. तू सांगलीत बसून त्या जमिनीचं काय करतोस? तिथं विचार पिकवतोस का?

शपथपत्रावर अजून सही केलेली नाही. फोन केव्हा आला ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. 'आठवत नाही' असं म्हणता येतं का, ते मी बघतेय.

विजयमाला
(वकिलांच्या म्हणण्यानुसार वय वर्षे बावन्न)


सातारा
१४ ऑक्टोबर २०२५

जयराज,

रविवारी माधवनगरच्या व्याख्यानमालेत शेवटच्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेली बाई होती, ती मीच. शाल-श्रीफळ घेताना तुला दिसले नाही, पण 'अपराधभाव ही एक निरुपयोगी भावना आहे' म्हणताना दिसले. वाक्य तिथंच सोडून पाण्याचा ग्लास उचललास. तो ग्लासही ठरलेलाच असणार.

छान बोलतोस तू. मी खोटं कशाला सांगू? दोन तास माणसं हलली नाहीत. पण तुझ्या व्याख्यानाचा प्राण घेतला तो पुढच्या रांगेतल्या त्या पटकेवाल्या म्हाताऱ्यानं. आठवतोय ना? उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझ्या पोरानं मला घरातनं भाईर काढलं. त्ये बी आधीच ठरल्यालं हुतं म्हनायचं का?"

तू म्हणालास, "आजोबा, त्याच्या जागी, त्याच्या परिस्थितीत, तुम्हीही तेच केलं असतं."

"आसंल. मग मी त्याला रोज सकाळी उठून आयमाय काढून शिव्या देतो, त्या बी ठरल्याल्याच न्हवं? त्याला सांगा की तुमी, राग धरू नगंस म्हनावं."

सगळं सभागृह हसलं. तूही हसलास, पण तुझे डोळे माझ्याकडं होते.

मग खाली चहाच्या टेबलाशी आलास. सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केलास, आणि वर उठता उठता कानाशी, "सही केलीस?"

मी म्हटलं, "वाचतेय अजून."

"त्यात वाचायचं काय आहे? आक्का, तू वेगळं काही बोललीस तर पहिला फास तुझ्याच गळ्यात बसेल. दस्त तुझ्या हातचा, ओळख पटवणारी तू. तुझ्याकडं दुसरा मार्गच नाही."

एवढं बोलून कुण्या प्राध्यापिकेकडं वळलास आणि तिला म्हणालास, "माझी थोरली बहीण. हिनंच मला वाढवलं." ती बाई गहिवरली. मी बिस्किट खाल्लं.

परतीच्या एस.टी.त इस्लामपूरपर्यंत मला हसू येत होतं. माणसाला मार्ग नसतो हे लोकांना पटवायला तुला माइक, शाल आणि दोन तास लागले. मला पटवायला चहा गार व्हायच्या आत मोकळा झालास. घरच्यांना सवलत दिलीस म्हणायची.

पण कराडच्या पुढं हसू थांबलं. कारण तुझं म्हणणं मला पटत होतं. दुसरा मार्ग नाही हे मी स्वतःला साडेतीन वर्षं सांगत आलेय, आणि तेसुद्धा कुणाचा लेख न वाचता.

विजयमाला


सातारा
१७ ऑक्टोबर २०२५

जयराज,

शपथपत्र परत पाठवतेय. वय दुरुस्त केलंय. सहीची जागा कोरी आहे.

वि.


सातारा
२३ ऑक्टोबर २०२५

जयराज,

आज भाऊबीज. ताट केलं नाही. तुझं पत्र मात्र आजच्या मुहूर्तावर आलं, हातानं लिहिलेलं. वकिलाला दाखवलं नसावंस, नाहीतर त्यानं फाडलं असतं. ते वाक्य मी तुझ्याच शब्दांत उतरवते, म्हणजे नंतर म्हणायला नको:

'मला शहाणपण शिकवू नकोस. मी सांगलीत होतो, सव्वाशे किलोमीटरवर. फोन ठेवल्यानंतर जे झालं ते तू केलंस. तुझं तोंड कुणी दाबून धरलं नव्हतं.'

शाबास! आयुष्यभराच्या लेखनात तू हे एकच वाक्य खरं लिहिलंस, आणि तुझ्या अख्ख्या तत्त्वज्ञानाला त्यात चूड लावलीस. तुझ्यावर आलं की ऊस ट्रॉलीत. क्रांतीवर आलं की स्वतंत्र इच्छा. माझ्यावर आलं की तोंड कुणी दाबलं नव्हतं. तुझं तत्त्वज्ञान माणूस बघून दर लावतं रे.

पण वाक्य खरं आहे. म्हणून आता त्या सकाळचं, दहा पंचवीसचं सांगते. तुला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

माझ्या शेजारी चांदसाहेबांचं टेबल. मुद्रांक विकतात, माझ्या आधीपासून बसतात. त्यांच्यापाशी मी क्रांतीचा मुद्रांक घेत होते तेव्हा तुझा फोन आला. तू म्हणालास, "आक्का, आई गेली. क्रांतीला आत्ता बोलू नगंस. दस्त हू दे." तुझ्या तोंडून गावची बोली मी दहा वर्षांत तेवढी एकदाच ऐकली.

मी "बरं" म्हटलं.

क्रांती समोर बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास. आईला दुसरं काही गिळत नव्हतं म्हणून पहाटे उठून भाताची पेज करून आणली होती तिनं. मला म्हणाली, "आक्का, सांगलीपतूर गरम ऱ्हाईल न्हवं गं?"

मी म्हटलं, "राहील."

चांदसाहेबांनी विचारलं, "विजूताई, तोंड का असं उतरलंय? घरी समदं बरं हाय न्हवं?" मी सांगितलं, शुगर कमी झाली असेल. त्या भल्या माणसानं खिशातली खडीसाखर काढून दिली. ती तोंडात धरून मी क्रांतीला दस्त वाचून दाखवला: 'सदरचे हक्कसोडपत्र मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे.' आठवड्यातनं वीस-पंचवीस वेळा मी हे वाक्य लिहिते. त्या दिवशीही एकदासुद्धा अडखळले नाही. क्रांती म्हणाली, "व्हय, व्हय. आटप गं लवकर, गाडी चुकंल."

मग आत कॅमेऱ्यासमोर बसवलं. तिचा फोटो, तिचा अंगठा. ओळख पटवणारी म्हणून माझा फोटो. तुझ्याकडच्या प्रतीत बघ तो. मी कितीदा तरी पाहिलाय. आई गेल्याचं कळून तास उलटलेली बाई आहे ती, आणि चेहऱ्यावर काहीसुद्धा नाही. गॅस बंद केला की नाही एवढंच आठवत असावी, असं वाटतं.

मलाही कारणं सुचतात, जयराज, तुझ्यापेक्षा थोडी जास्तच. आईच म्हणायची, जमीन पोराच्या नावावर एकत्र राहू दे. तू लहान असताना तुला कडेवर घेऊन माझी कंबर वाकडी झाली, तुला नाही म्हणायची सवयच नव्हती. टोकन निघालं होतं. घेतलेला दस्त मी कधी अर्धवट टाकला नाही. हे सगळं तुझ्या त्या साखळीत कडीला कडी लावून बसतं. 'बरं' हा शब्द तर माझ्या तोंडून आपोआप गेला, तो हवा तर ट्रॉलीतल्या उसाला दे.

पण दहा पंचवीसला फोन संपला आणि अकरा अडतीसला तिचा अंगठा झाला. मधली त्र्याहत्तर मिनिटं होती. तेवढ्यात मी चार वेळा तिच्याजवळ गेले. एकदा आधार कार्डाची प्रत मागायला. एकदा तिच्या पदराची पिन नीट करायला, फोटोसाठी. एकदा दस्त वाचून दाखवायला. आणि एकदा काहीच कारण नसताना, सांगायचं म्हणून गेले आणि "पाणी हवं का?" विचारून परत आले. चारही वेळा मी पुन्हा 'बरं' म्हटलं, मनातल्या मनात. तेव्हा फोनवर कुणी नव्हतं. तू नव्हतास, आई नव्हती. तिथं मी एकटीच होते.

त्याच्या पुढचं आणखी एक आहे. ते तुला सांगण्यासारखं नाही.

विजयमाला


सातारा
८ नोव्हेंबर २०२५

जयराज,

काल शिरवळला जाऊन आले. आता क्रांतीला माहीत आहे. म्हणजे तिला आधीच माहीत होतं, हे मला काल कळलं.

कंपनीतली पाळी संपवून नुकतीच आली होती. पाय परातीतल्या गरम पाण्यात सोडून शेंगा मोडत बसली होती. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, कारण आत जाऊन बसले असते तर पुन्हा 'पाणी हवं का?' एवढंच विचारून परत आले असते. "क्रांती, आई गेल्याचं मला तू सही करायच्या आधी कळलं होतं. दहा पंचवीसला."

तिनं मान वर केली नाही. "ठाव हाय."

"केव्हापासून?"

"दाखल्यावरची येळ बघितली तवापास्नं. तवा मला तुझा वडापाव आठवला."

तुला सांगण्यासारखं नाही म्हणाले होते, ते हेच. सही झाल्यावर मी तिला स्टँडच्या कोपऱ्यावरच्या गाड्यापाशी नेलं होतं. तिला भूक नव्हती. मी दोन वडापाव घेतले आणि उभी राहून तिला ते संपवायला लावले.

क्रांती म्हणाली, "कशी म्हनालीस आठवतंय? 'खाऊन घे, फुडं कवा मिळंल सांगता येत न्हाई.' म्हैताच्या घरात चूल पेटत न्हाई, त्ये तुला ठाव हुतं. मी इस्टँडवर थर्मास घट्ट धरून बसल्याली, आन् तू माज्या पोटाची सोय बघत हुतीस. लय माया गं तुजी."

शेंगा मोडायची काही थांबली नाही.

मी विचारलं, मग दाव्यात माझं नाव का घातलं नाहीस?

"तुजं तू सांगतीस का न्हाई, त्ये बघायचं हुतं. दोन वर्सं बघतीया."

बसायला सांगितलं नाही. मीही बसले नाही. तिची वकील सुमैरा म्हणून एक मुलगी आहे, तिचा नंबर घेऊन परत आले. पंचवीसला मी तिच्या बाजूनं उभी राहणार आहे. समन्स निघतंय. तुझ्या वकिलाला सांग, शपथपत्राचा कागद पाठकोरा वापरता येतो.

चांदसाहेबांना आज सगळं सांगितलं. ते बराच वेळ शिक्का पुसत राहिले. म्हणाले, "ताई, हे कोर्टात बोललीस की तुझ्या हातचा एकेक दस्त लोक उकरून काढतील. परवाना जाईल. टेबल उठंल तुझं." मग म्हणाले, "खडीसाखर दिली हुती की गं मी तुला त्या दिवशी." आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

विजयमाला


सातारा
२६ नोव्हेंबर २०२५

जयराज,

काल तू आला नाहीस. चर्चासत्र होतं म्हणे. विषय काय होता? नैतिक जबाबदारी असला तर कळव, मी अध्यक्षांना कार्ड टाकेन.

आत जायच्या आधी सुमैरानं मला बाजूला घेतलं. पंचविशीची पोरगी, पण कायदा पक्का. म्हणाली, "आत्या, वेळ सांगा, फोन सांगा. आणि एवढं एक वाक्य म्हणा, की भावाच्या दडपणाखाली मी गप्प बसले. त्यानं आपल्या केसला काही बाधा येत नाही, उलट बळकटी येते. तुमचा परवानाही कदाचित वाचेल. सगळं त्यांच्यावर जाईल."

बघ, कशी संधी होती! तुझा सगळा लेख माझ्या कामी आला असता. मी ट्रॉलीत बसले असते, पुढं ट्रॅक्टरवर तू. टेबल राहिलं असतं, तुझी अब्रू गेली असती, आणि मला त्या दोन्हींची तितकीच गरज आहे. खोटं बोलत नाही, व्हरांड्यातून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत मी ते वाक्य घोकत गेले.

वेळ सांगितली. फोन सांगितला, तुझ्या शब्दांत, 'दस्त हू दे'सकट. थर्मासचं सांगितलं. वडापावचंही सांगितलं, त्यावर न्यायाधीशबाईंनी लिहिणाऱ्याला क्षणभर थांबवलं, मग म्हणाल्या, घ्या.

मग तुझे वकील उठले. "बाई, तुम्ही स्वतःच कबूल करता की दस्तात तुम्ही खोटं लिहिलंत. मग आज खरं बोलताय कशावरून?"

मागं कुणीतरी हसलं.

मी म्हटलं, "त्या दिवशी गप्प राहून माझं काही जाणार नव्हतं. आज बोलून माझं टेबल जाणार आहे. साहेब, खोटं बोलायला एवढा खर्च कोण करतं?"

त्यांना राग आला. "म्हणजे भाऊ सांगतील तसं तुम्ही वागता? भावानं सांगितलं म्हणून गप्प बसलात?"

सुमैरानं मान वर केली. ती वाट बघत होती. तुझ्याच वकिलानं माझ्यासाठी दार सताड उघडून धरलं होतं. 'हो' एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "भावानं सांगितलं. केलं मी. त्र्याहत्तर मिनिटं होती, सांगता आलं असतं. सांगितलं नाही."

सुमैरानं कपाळाला हात लावला.

आज सकाळी टेबलाशी गेले तर दोन पक्षकार कागद परत मागायला उभे होते. परवान्याबद्दल नोटीस येईल, यावीच. चांदसाहेबांनी माझी खुर्ची त्यांच्या छत्रीखाली ओढून घेतली होती.

हे सगळं तुला का लिहितेय? तू उद्या लिहिशील की आक्कालाही तिच्या कारणांनी ढकलत नेलं, पश्चात्ताप हे एक कारण, म्हातारपण हे दुसरं, क्रांतीचा तो वडापाव तिसरं. लिही. तुझ्या शब्दाला मी काही धक्का लावू शकत नाही. फक्त त्या पिंजऱ्यात दोन उत्तरं माझ्या जिभेवर होती, दोन्ही सारख्याच वजनाची, हे मला आतून माहीत आहे आणि तुला ते सांगलीतून दिसत नाही. तुझ्याशी वाद घालायला माझ्याकडं एवढंच आहे. मला ते पुरे आहे.

आता शेवटचं. कोर्टाच्या पायऱ्यांखाली क्रांती उभी होती. मी जाऊन समोर उभी राहिले. काय हवं होतं मला, ते तुला लिहिणार नाही.

ती म्हणाली, "आसं तोंडाकडं बघू नगंस, आक्का. खरं बोललीस, बरं केलंस. पर माफ करायचं का न्हाई, त्ये मी ठरवीन."

"केव्हा?"

"त्ये बी मीच ठरवीन."

आणि ती स्टँडकडं चालू लागली. मी मागोमाग गेले, चार हात अंतर ठेवून. तिला ते माहीत होतं. तिनं हाकलून दिलं नाही आणि वळूनही बघितलं नाही. तू कितीही पुस्तकं चाळ, ती काय ठरवेल ते तुला सांगता येणार नाही. मलाही येत नाही. तिला स्वतःलाही अजून येत नसावं.

शिरवळची गाडी लागलेली होती. निम्मी रिकामी होती. मी फलाटावर उभी होते, माझ्या बाजूच्या सगळ्या खिडक्या मोकळ्या होत्या. ती आत चढली, क्षणभर थांबली, आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.

विजयमाला